कडप्प्याचा कोपरा

१

बनाबाई फरशीच्या दुकानात गेली ती चंचीत लिंबू घेऊन.

बारामतीला इंदापूर रस्त्यावर बापूसाहेबांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. होतं ते उघडं आवार, आणि दावणीला म्हशी उभ्या कराव्यात तशा भिंतीला टेकून लाद्या उभ्या. शहाबादी, कडप्पा, संगमरवर, आणि आत सावलीला, पोत्यानं झाकलेला ग्रॅनाइट. बनाबाईनं बापूसाहेबांच्याच अडकित्त्यानं लिंबू चिरलं आणि एकेका दगडावर थेंब पिळत निघाली. संगमरवरावर थेंब पडला तिथं बारीक फेस आला.

"आवो मावशी, डाग पडंल की त्याला," बापूसाहेब म्हणाले.

"पडू द्या. माझ्या घरात पडण्यापरीस तुमच्या दारात पडल्याला बरा."

तिच्या सुनेला, रेश्माला, तो पांढराच आवडला होता. शेळगावच्या बागायती घरातली पोर ती, पांढऱ्याची हौस होती तिला. पोटावर एक हात आणि दगडावर एक हात ठेवून ती उभी राहिली. बनाबाई म्हणाली, हळदीचा हात लागला की हा कावीळ झाल्यागत दिसंल. रेश्मा खुदकन हसली, पण हात काही काढला नाही. शहाबादी खरबरीत, पीठ त्याच्या भोकाभोकांत बसायचं. ग्रॅनाइटवर लिंबाचा थेंब मोत्यासारखा उभा राहिला. पण जोतीरामनं, बनाबाईच्या लेकानं, त्याचा भाव विचारला आणि मग तो बराच वेळ रस्त्यावरच्या एसट्या बघत बसला. राहिला कडप्पा. काळा, गार, तळहाताला ओल्या मातीसारखा लागणारा. लिंबानं थोडा फिकटला खरा.

"काळ्यावर पीठ दिसतं," बनाबाई म्हणाली. "सांडल्यालं दिसलं म्हंजे पुसता येतं. घ्या कडप्पा."

गॅसचा नंबर लागला होता, म्हणून हे सगळं. आणि रेश्माला दिवस गेले होते, खाली बसून चूल फुंकताना तिचा जीव घाबरा व्हायचा. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा बांधायचा म्हटल्यावर त्यांच्या कऱ्हाटी गावातल्या भावकीनं नाकं मुरडली. बाई उभी राहिली की लक्ष्मीही उभीच राहते, बसत नाही, असं कुणीतरी पारावर बोललं. ते बनाबाईच्या कानावर आलं तेव्हा ती त्याच पारावर जाऊन म्हणाली, "उभ्यानं मेंढरं राखली, उभ्यानं ऊस तोडला, तवा न्हाय कुणाची लक्ष्मी पळाली. भाकरी थापतानाच बरी पळती." आणि पदर झटकून माघारी आली.

तिची जुनी चूल तीन दगडांची. मेंढरांमागं हिंडत होती तेव्हापासूनची. मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसांचा तळ म्हणजे वाडा. वाडा हलायचा तेव्हा थोरल्या बाईनं चुलीचा एक दगड पायानं लोटायचा, चूल पाडायची, मगच घोड्यावर बिऱ्हाड चढायचं. का, ते कुणी सांगत नसे. उभी चूल मागं ठेवायची नाही, एवढंच. घर बांधून एका जागी बसल्यावर बनाबाईनं तेच तीन दगड कोपऱ्यात मांडले, मातीनं लिंपले, आणि ती चूल घराची झाली.

गवंडी यायच्या तोंडावरच मोरगावहून निरोप आला, धाकटी बहीण कुशाबाई अंथरुणाला खिळलीय. बनाबाई जाता जाता जोतीरामला बजावून गेली, आधी चूल पाड, मग विटा लावू दे. आणि एसटीत चढली.

२

परत आली तेव्हा ओटा बांधून झाला होता.

गेणबा गवंड्यानं काम मोठं देखणं केलेलं. खाली विटांची भिंत, त्यावर गुळगुळीत गिलावा, एका बाजूला सिलिंडरला कोनाडा, आणि वर काळा कडप्पा, पाणी सोडल्यासारखा सपाट. रेश्मा त्याच्यापुढं उभी राहून भाकरी थापत होती आणि तिच्या कपाळाला घाम नव्हता. बनाबाईला बरं वाटलं. डोळे भरून बघितलं तिनं. मग तिची नजर कोपऱ्याकडं गेली.

"चूल पाडली का रं?"

जोतीराम चपलेचा अंगठा नीट करत होता. व्हय आये, म्हणाला.

बनाबाईनं कोपऱ्यातल्या भिंतीवर मूठ हाणली. भिंत डेऱ्यासारखी वाजली. पोकळ कशी, तिनं विचारलं. विटा कमी पडल्या, आत भराव घातला न्हाय, असं जोतीरामनं सांगितलं आणि तो डेअरीवर निघून गेला. दूध संकलनाचं काम त्याचं, दोन्ही वेळा जावं लागायचं. पण ही काही दुधाची वेळ नव्हती.

असेल, बनाबाई मनाशी म्हणाली. गवंडी आणि शिंपी, दोघंही माल वाचवतात.

३

पहिली गोष्ट खटकली ती दुरडीत.

रेश्माची भाकरी जाड. कडेला फाटायची, मधे फुगायची नाही. त्यावरून सासू तिला चिडवायचीही, की ही भाकरी पडली तर पायाचा अंगठा मोडंल. त्या दुपारी बनाबाईनं जेवायला दुरडीवरचं फडकं काढलं, तर जाड भाकऱ्यांच्या वर एक पातळ भाकरी. फुलासारखी. पापुद्रा सुटलेला, आणि त्यावर थापणाऱ्या बोटांचे ठसे. लांब बोटं. रेश्माची बोटं आखूड, लहान पोरीसारखी.

बनाबाईनं ती भाकरी नाकाला लावली. धुराचा वास. शेणीच्या धुराचा, जो गॅसवर काही केलं तरी येत नाही.

तिनं विचार केला तो सरळच केला. शेजारची सिंधुबाई अजून चुलीवर करते. तिनं दिली असणार. कुंपणापाशी जाऊन विचारलं, तर सिंधुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी बया कशाला दिऊ? तुमच्याकडं आता गॅस आलाय. आमची धुरकट भाकर तुमाला कशी गोड लागायची?"

झोंबलं ते, पण उत्तर मिळालं. माघारी येऊन बघते तर दुरडीतली भाकरी नव्हती. रेश्मा तोंड पुसत होती.

"आत्या, आजची भाकरी लई झ्याक झाली," ती म्हणाली.

कुणी केली, असं विचारायचं बनाबाईच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. पोटुशी पोर, उगा भीती घालायची नाही. त्यात हेही होतं की एखादी भाकरी चुकून चांगली होते. धुराचं म्हणाल तर आपल्याच नाकात जन्माचा धूर बसलाय.

पण मग रोज एक निघू लागली. रेश्मानं थापलेल्यांत न मोजलेली, वरची. बनाबाईनं एकदा तिच्या पाठीशी उभं राहून सगळ्या भाकऱ्या भाजताना बघितल्या, दुरडी आपल्या हातानं झाकली, आणि पाणी प्यायला माठापाशी गेली. भांडं तोंडाला लावलं तोच मागं ओळखीचा आवाज आला. थप, थप, थप. भाकरी थापायचा. तिनं वळून बघितलं. रेश्मा नळाखाली परात धूत होती. दोन्ही हात पाण्यात.

फडकं काढलं. वर एक पातळ भाकरी, गरम.

बनाबाईनं ती उचलली आणि कुत्र्याला टाकली. कुत्र्यानं हुंगली, मागच्या पायानं तिच्यावर माती ओढली आणि ते लांब जाऊन बसलं.

४

रेश्मा वाळत चालली.

दुसरं काही तिच्या घशाखाली उतरेना. भात बघितला की मळमळ, स्वतःच्या हातची भाकरी तोंडात फिरायची. सहाव्या महिन्यात पोट वाढायला हवं तर तिची गालफडं आत गेली. ती पातळ भाकरी मात्र, बनाबाई आडवी येण्याआधी, ती चोरून खायची. जेवण झालं की ओट्याच्या कोपऱ्याशी खाली बसायची, भिंतीला पाठ लावून. हाक मारली की दचकायची. एवढं उभं राहायचं म्हणून ओटा बांधला, आणि पोर दिवस दिवस खाली बसायला लागली. दवाखान्यात नेलं. रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्या तिनं गिळल्या, पण चेहऱ्यावर काही रक्त चढलं नाही.

एक दिवस ओटा पुसताना बनाबाईचा हात कोपऱ्यावर थांबला. सकाळची वेळ, गॅस पेटलेला नव्हता, खिडकी पश्चिमेची. आणि कडप्पा ऊन होता. दुसऱ्या टोकाला हात लावला, गार. पुन्हा कोपरा, ऊन. तापलेला नव्हे. माणूस उठून गेल्यावर अंथरूण असतं तसा ऊन.

दगड ऊन धरतो, ती मनाशी म्हणाली. कालचं धरलं असंल. पण उभा जन्म दगडांवर झोपून काढलेली बाई ती. रात्रभरात दगड कसा निवतो ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिनं हात उचलला नाही. उलट दुसराही हात ठेवला, सगळा भार टाकला, आणि दाबून धरला. जशी मेंढी दाबून धरतात. "कोण हाय?" असं विचारावंसं वाटलं तिला, आणि विचारलं नाही, कारण विचारलं की समोरच्याला बोलायची मुभा होते.

तेवढ्यात तिच्या दोन तळहातांच्या मधे टिचकी मारल्यासारखा आवाज झाला, आणि कडप्प्याला तडा गेला. केसासारखा. न्याहारीपर्यंत तो रुंदावला आणि कोपऱ्यातला तिकोनी तुकडा सुटून निघाला, पाटाएवढा. खाली भोक. आत काळोख, आणि राखेचा वास.

जोतीराम म्हणाला, गरम तवा ठिवला असंल कुणीतरी. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच पटत नव्हता. बनाबाईनं भोकावर पितळी ताट पालथं घातलं, ताटावर पाण्याचा हंडा ठेवला, आणि तुकडा फडक्यात बांधून घेतला. "चल बारामतीला," ती म्हणाली. "दगूड बदलून आणू."

रेश्माला सिंधुबाईपाशी बसवून ती दोघं निघाली.

५

बापूसाहेबांनी तुकडा हातात घेऊन आधी आपलं अंग काढून घेतलं. कडप्पा तापला की तडकतोच, म्हणाले. ग्रॅनाइट घ्या, त्याच्यावर निखारा ठेवला तरी काही व्हायचं नाही. बोलता बोलता त्यांनी तुकडा उलटा केला आणि त्यांचं बोलणं थांबलं. खालच्या अंगावरून त्यांनी बोट ओढलं. बोट काळं झालं. दगडाचा काळा रंग नव्हे, काजळी. बोटभर जाड, तव्याच्या बुडाला वर्षानुवर्षं धरते तशी.

"मावशी, ओट्याखाली काय जाळता काय तुमी?"

बनाबाईनं लेकाकडं बघितलं. जोतीराम पुन्हा रस्त्याकडं बघत होता, पण या वेळी रस्त्यावर एकही एसटी नव्हती.

समोरच्या रसवंतीत तिनं त्याला बाकड्यावर बसवलं. घुंगरं वाजत होती, चरक फिरत होता, रसाचे पेले तसेच राहिले. जोतीराम बोलला. त्याच्या सासरच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, पोटुशी बाई घरात असताना मोडतोड करायची नसते, आणि चूल तर मुळीच नाही. चूल मोडली म्हणजे घर मोडलं. त्याला ते खरं वाटलं. आपण आता काही हिंडती माणसं नाही, ऊसवाली माणसं आहोत, त्यांच्यासारखं वागावं. म्हणून गेणबाला त्यानं चुलीच्या पुढून भिंत घ्यायला लावली. चूल आत तशीच उभी ठेवली.

"नुस्ती न्हाय बुजवली आये," तो म्हणाला. "हळदकुकू वाहिलं. भाकरीचा तुकडा ठिवला वर. उपाशी कशी बंद करायची?"

बनाबाईनं डोळे मिटले.

तिला एक दिवस आठवला. ती नवी नवरी होती, वाडा घाट चढून वर आला होता, आणि तिनं मागं वळून खालच्या मोकळ्या तळाकडं बघितलं होतं. तिथं कुणीही उरलं नव्हतं आणि तिथून एका चुलीचा धूर वर चढत होता. सरळ, निवांत, जेवणवेळेचा. शेजारणीची चूल पाडायची राहिली होती. बनाबाईच्या सासूनं तिची मान धरून पुढं फिरवली होती. पुन्हा त्या वाटेनं वाडा कधी गेला नाही.

"म्हंजे तू ताट मांडून आवतन दिलंस," ती जोतीरामला म्हणाली. मग ती उठली. "पहार कुठं हाय आपली?"

६

वाटेत एसटीत ती दात आवळून बसली होती. भीती तिला वाटत नव्हती असं नाही. पण ती भीती तिला आवडत नव्हती. एवढ्या वाटा तुडवल्या, लांडग्यांपुढं काठी घेऊन उभी राहिली, नवरा गेला तेव्हा लेकरू पाठीला बांधून मेंढरं वळली. आणि आता तिच्याच घरात, तिच्याच सुनेला, कुणीतरी घास भरवतंय.

कऱ्हाटीत उतरली तेव्हा ऊन नुसतं पांढरं होतं. सिंधुबाई अंगणात एकटीच तांदूळ निवडत होती. रेश्मा कुठाय, तर म्हणाली, तुमीच तर आतनं हाक मारली की मघाशी. मग गेली ती घरात.

बनाबाईच्या पाठीवर ऊन होतं, तरी काटा आला. ती आत शिरली.

हंडा खाली उतरवून ठेवलेला. ताट भिंतीला टेकवून, नीट. आणि रेश्मा ओट्यावर वाकलेली, गाल कडप्प्यावर टेकलेला, डोळे मिटलेले. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत त्या भोकात होता. ओठांवर हसू होतं. आणि ओट्याच्या आतून आवाज येत होता, थप, थप, थप, भरभर, सरावाचा. रेश्माचा खांदा त्या ठेक्यावर हलत होता.

"रेश्मा."

पोरीनं डोळे उघडले नाहीत. "आत्या," ती म्हणाली, "तुमी परत कशा आला?"

"घरात आले. आजून कुठं जाऊ?"

"ती म्हणली वाडा हलला. समदी गेली म्होरं." रेश्माचा आवाज झोपेतल्यासारखा होता. "मागं मी आन ती. दोघीच. बाळाला बी ती म्हणली ठेवून घेते."

तळाच्या अर्थानं 'वाडा' हा शब्द या घरात कित्येक वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. शेळगावच्या पोरीला तो कुणी सांगितला नव्हता.

बनाबाईनं तिच्या कमरेला विळखा घालून ओढलं. रेश्मा हलली नाही. तिला कुणी घट्ट धरलं होतं असं नव्हे. तिला यायचं नव्हतं. जोतीराम दारात पहार घेऊन उभा होता.

"आये, मोडतोड नगं म्हणत्यात..."

"मोडतोड नगं म्हणूनच ही येळ आली. मार."

"काय झालं तर? पाप..."

"माझ्या नावावर लाव. मार म्हणते न्हवं."

त्यानं मारली. गिलावा उडाला, वीट आत पडली. दुसरी. तिसऱ्या घावाला भगदाड पडलं आणि दारातलं ऊन सरळ आत गेलं. बनाबाई जमिनीवर पालथी झाली आणि तिनं डोकं आत घातलं.

चूल होती. आपली, आपल्या हातानं लिंपलेली. तिच्यात लालबुंद निखारे होते. वरच्या भोकातून रेश्माचा हात खाली लोंबत होता, मनगटापर्यंत पिठानं माखलेला, आणि हवेत भाकरी थापत होता, अशी सुबक जशी रेश्माला जन्मात जमली नसती. चुलीच्या पल्याड, जिथं ऊन संपत होतं तिथं, एक गुडघा होता. बाई चुलीपुढं बसते तसा दुमडलेला. त्यावरून ताणलेलं जुनेर, विटलेलं, राखेच्या रंगाचं. गुडघ्याच्या वर काय होतं ते विटांच्या सावलीत होतं. बनाबाईनं मान वर केली नाही. करायची नाही, हे तिनं आत शिरतानाच ठरवलं होतं.

गुडघा हलला नाही. पण थापायचा आवाज थांबला.

"आयक," बनाबाई म्हणाली. आवाज तिला स्वतःला बारीक वाटला, म्हणून ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली. "आयक. ही चूल म्या मांडली. माझी हाय. बसलीस, भाकरी केलीस, चांगली केलीस, तोंडावर सांगते. पर माझी माणसं मागं राहिल्याली न्हायती. मी हितंच हाय. म्होरं तुला जायचंय."

निखाऱ्यांवर कुणीतरी हळूच फुंकर घातली. ते फुलले. धग बनाबाईच्या तोंडावर आली, भुवयांचे केस करपले.

"फुक," ती म्हणाली. "फुकून फुकून किती फुकशील."

आणि तिनं हात पुढं घातला. पायानं लोटायला तिथं जागा नव्हती. तिनं उघड्या तळव्यानं तो तापलेला दगड धरला, कातडी चरचरली, दाताखाली पदर होता तो तिनं चावून फाडला, आणि दगड आपल्याकडं ओढून आडवा पाडला. राख उसळली. सगळं पांढरं झालं.

त्या पांढऱ्यात तिनं फक्त ऐकलं. गुडघे मोडल्याचा आवाज, कटकट, म्हातारी माणसं बसल्या जागेवरून उठतात तसा. एक लांब उसासा. मग पावलं नव्हेत. जुन्या लुगड्याच्या घोळाची सळसळ, तिच्या कानाजवळून, भगदाडातून बाहेर.

दारात जोतीराम उभा होता. तो एका अंगाला सरकला, मान खाली घालून. वडीलधाऱ्या बाईला वाट द्यावी तसा. का सरकलास, असं नंतर त्याला विचारलं, तर त्याला आपण सरकलो हेच ठाऊक नव्हतं.

रेश्मा ओट्यावरून घसरून खाली बसली आणि हमसून रडायला लागली. बनाबाईनं भाजलेला हात पाण्याच्या हंड्यात बुडवला, डाव्या हातानं परात ओढली, आणि उभ्यानं, तुटक्या ओट्यावर, एका हातानं भाकरी थापली. वेडीवाकडी झाली. एका बाजूनं जळली. तिनं ती रेश्मापुढं धरली.

रेश्मानं तुकडा तोंडात घातला. "कडू लागती, आत्या."

"लागू दे. माझ्या हातची हाय. खा."

पोरीनं चावला. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी चावला, आणि गिळला. मग दुसरा तुकडा तिनं स्वतः मोडला.

७

नवा दगड आणायला बनाबाई गेली तेव्हा तिच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. या वेळी तिनं लिंबू नेलं नाही. रेश्माला म्हणाली, तू ठरव, उभं तुला राहायचंय.

रेश्मानं रंग बघितला नाही, भाव विचारला नाही. ती एकेका लादीपाशी जायची, तिला कान लावायची, आणि जरा वेळानं पुढं सरकायची. बापूसाहेब चकित होऊन बघत होते. एका लादीपाशी ती झटकन मागं झाली आणि तिनं पदर सावरला. शेवटी एका साध्या, करड्या दगडापाशी बराच वेळ कान लावून उभी राहिली, आणि मान हलवली. हा. बाकीच्यांत काय ऐकू आलं, हे बनाबाईनं विचारलं नाही. दगड टेंपोत चढवला.

गेणबा पुन्हा आला. पाडलेल्या चुलीची माती, राख, सगळं बनाबाईनं आधीच घमेल्यानं उकिरड्यावर टाकलं होतं, आणि तिन्ही दगड जोतीरामनं तीन दिशांना नेऊन टाकले होते. गेणबानं विटा भिजवल्या, सूत लावलं, आणि भिंत कुठून घेऊ म्हणून विचारलं. बनाबाई म्हणाली, भिंत नको. लोखंडी पाय लावायचे, वर दगड. खाली मोकळं.

गेणबाला ते पटेना. असा ओटा कुणी बांधत नाही, तो म्हणाला. सिलिंडर दिसंल, डबं दिसतील, उंदीर हिंडतील, आल्यागेल्यापुढं शोभा राहायची नाही. बरं, कोपरा तरी बंद करतो. बोलता बोलता तो सूत बघायला खाली वाकला आणि थबकला. त्यानं नाक वर केलं.

"मावशी, कुणी चूल पेटवलीय का जवळपास?"

रेश्मा दगड पुसत होती. तिचा हात थांबला. तिनं सासूकडं बघितलं.

बनाबाई उठली नाही. ती दाराशी बसली होती, तोंड ओट्याच्या जागेकडं करून, भाजका हात मांडीवर उताणा ठेवून. "तू तुझं काम कर," ती गेणबाला म्हणाली. "बंद काय बी करायचं न्हाय. माझ्या घरात कुणाला बसायचंच आसल तर माझ्या डोळ्यांदेखत बसावं. जागा हाय."

रेश्मानं पुन्हा फडकं फिरवायला घेतलं, जोरानं, कोपऱ्यापर्यंत.

गेणबानं कोपऱ्यात ठेवलेली आपली थापी आणि ओळंबा उचलला आणि बाहेर, उन्हात नेऊन ठेवला.